लाल रेघेपर्यंत

जुन्या, सोडून दिलेल्या गॅलरीत, म्हणजे बोगद्यात, वर्षानुवर्षं साठलेलं पाणी भिंत फोडून कोळशाच्या खाणीत शिरलं, तेव्हा ओदेलू वरच्या शेडमध्ये डबा उघडून बसला होता. ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची चटणी. पहिला घास तोंडाशी नेतो न नेतो तोच फोन खणखणला आणि खालून कोणीतरी ओरडलं, “सार, मोठा पंप बुडाला!” घास तसाच डब्यात पडला.

पाळीतली माणसं धापा टाकत उताराने वर आली. डोकी मोजली, तर दोन कमी. एक रायमल्लू आणि दुसरा गटय्या. गटय्या म्हणजे ओदेलूच्या धाकट्या बहिणीचा, सारक्काचा नवरा; ओदेलूला तो ‘बावा’, म्हणजे मेहुणा, म्हणून हाक मारायचा. ते दोघं ज्या बाजूला काम करत होते तिकडून यायच्या वाटेत एक खोलगट जागा होती. वाट तिथे खाली उतरायची आणि परत चढायची. तो खोलगा पाण्याने छतापर्यंत भरला आणि दोघं पलीकडे अडकले. पलीकडच्या चढावर कोरडी जागा होती, हवा होती आणि सुदैवाने एक फोनची पेटी होती. त्या फोनवरून गटय्याने कळवलं, की रायमल्लूच्या पायावर लाकडी टेकू पडलाय, हाड मोडलंय आणि पाणी इंचाइंचाने त्यांच्याकडे चढतंय.

आता पाणी उपसायला एकच मोटर उरली होती. शेडमध्ये लाकडी चौथऱ्यावर, हळदीकुंकू लावून, स्वच्छ कापडाखाली ठेवलेली राखीव मोटर. ती ओदेलूचा जीव की प्राण. खाणीचा इलेक्ट्रिकल फोरमन या नात्याने तिची सगळी जबाबदारी त्याची आणि तिची बडदास्त त्याने अशी ठेवली होती की त्याची बायको म्हणायची, “माझ्या अंगावर पांघरूण आहे की नाही हे कधी बघितलंत का?”

सगळ्यांच्या नजरा त्या मोटरकडे लागल्या. ओदेलूने मात्र तिच्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली.

त्याला कारण होतं. तीन वर्षांपूर्वी अशीच एक राखीव मोटर ऐन वेळी, स्विच टाकताक्षणी जळाली होती. जीव कोणाचा गेला नाही, पण ओदेलूची पुरती नाचक्की झाली. कॉलनीत बायका नळावर बोलायच्या, पोरं त्याच्या स्कूटरमागे “फोरमन, धूर फोरमन” असं ओरडत पळायची. नवी मोटर आली तेव्हा ओदेलूने मनाशी पक्कं केलं, की हिच्याबद्दल कोणाला शंका घ्यायला जागाच ठेवायची नाही. आणि त्याने ‘मोठी टेस्ट’ सुरू केली.

मोटर चालायची तेहतीसशे व्होल्टवर. मोठ्या टेस्टमध्ये तिच्या तारांवर एक मिनिटभर साडेसात हजार व्होल्ट सोडायचे. तारांभोवतीचं वेष्टन, म्हणजे इन्सुलेशन, तेवढा मारा सोसून टिकलं तर मोटर पास. टेस्टच्या यंत्रावर एक मोठं तबकडीचं मीटर होतं. त्यावर साडेसात हजारापाशी ओदेलूने लेकीच्या नेलपॉलिशने एक लाल रेघ ओढली होती. काटा रेघेला लागला, मिनिटभर तिथे राहिला आणि बिघाडाचा भोंगा वाजला नाही, की लोक टाळ्या वाजवायचे.

लोक, हो. कारण बघता बघता त्या टेस्टचा जलसा झाला. दर महिन्याला ती व्हायचीच. नवा मॅनेजर आला, दाखवा टेस्ट. तपासणीला अधिकारी आले, दाखवा टेस्ट. पोरगं पहिल्यांदा खाणीत उतरायचं असलं, की त्याचा बाप त्याला शेडमध्ये घेऊन यायचा आणि म्हणायचा, “बघ, ही साडेसात हजार सोसते, आणि तू लेका काळोखाला भितोस!” सुरक्षा सप्ताहात तर कॉलनीतली कुटुंबंच्या कुटुंबं यायची. शेड लहान, म्हणून त्यांच्या तुकड्या करायच्या आणि प्रत्येक तुकडीला वेगळी टेस्ट. बायका लेकरांना कडेवर घेऊन काट्याकडे बघत श्वास रोखायच्या. सारक्का लग्नाला तयार नव्हती, खाणीतला नवरा नको म्हणून अडून बसली होती. तेव्हा ओदेलूने तिला इथेच आणून टेस्ट दाखवली होती आणि ती तिच्या मनाने हो म्हणाली होती. एवढा भरवसा लोकांनी मैसम्मादेवीवरही ठेवला नसेल.

गेल्या वर्षी मोटर बनवणाऱ्या कंपनीच्या चंद्रकला मॅडम हैदराबादहून आल्या. ओदेलूने छाती फुगवून किती वेळा टेस्ट झाली ते सांगितलं. त्यांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. मग त्यांनी कपाळाला हात लावला.

“ओदेलूगारू, ही टेस्ट कारखान्यातून निघताना एकदा घ्यायची असते. नंतर घ्यायची तर कमी दाबाने आणि क्वचित. दर वेळेला पूर्ण दाब दिलात, की वेष्टनाच्या आत बारीक पोकळ्या असतात ना, तिथे ठिणग्या पडतात. वेष्टन आतून खात जातात. ते परत भरून येत नाही.”

“पण मॅडम, पास होते ना दर वेळी? कच्ची असेल तर वरच जळू दे, खाली दगा नको.”

“पासच होते. शेवटच्या वेळेपर्यंत पासच होत राहते. आणि कोणती वेळ शेवटची हे मीटर सांगत नाही.”

ओदेलूला कळलं नाही असं नाही. डिप्लोमा झालेला माणूस. त्याला नीट कळलं आणि म्हणूनच त्या रात्री त्याला झोप लागली नाही. पण पुढच्या आठवड्यात सुरक्षा सप्ताह होता, लोकांना निरोप गेले होते. आता टेस्ट बंद केली तर लोक म्हणणार, फोरमनने काहीतरी लपवलंय. मूग गिळून तो टेस्ट घेत राहिला. मॅडम काय म्हणाल्या ते त्याने कोणालाच सांगितलं नाही.

आणि आता बाहेर खाणीच्या तोंडाशी माणसं जमली होती. सारक्का अनवाणी धावत आली होती आणि शेडच्या दाराला धरून उभी होती. मोटर उचलायला साखळी लावायची तयारी झाली. तेवढ्यात फिटर कोमरय्याने सवयीने टेस्टच्या यंत्राच्या तारा मोटरला जोडायला घेतल्या.

“राहू दे,” ओदेलू म्हणाला. “मेगरने बघू, तेवढं पुरे. वेळ नाही.”

मेगर म्हणजे हातातलं लहान यंत्र. त्याने वेष्टन ओलं नाही ना एवढं कळतं, आणि मोटरला त्याचा त्रास नसतो.

कोमरय्या बघतच राहिला. “सार, आणि मोठी टेस्ट?”

“म्हटलं ना राहू दे!”

भिंतीवर ओदेलूनेच रंगवून लावलेली पाटी होती, ‘मोठ्या टेस्टशिवाय स्विचला हात लावू नये.’ मॅनेजर विद्यासागर तिच्याकडे बघून म्हणाले, “ओदेलू, आजपर्यंत रिकाम्या दिवशी शंभरदा टेस्ट घेतलीस. आज खरी वेळ आली, तर आजच नको?”

“सार, मोटर चांगली आहे. मी सांगतो ना.”

“गेल्या वेळची पण चांगलीच होती म्हणे,” मागून कोणीतरी बोललं.

तेव्हा सारक्का आत आली. तिचे डोळे रडून सुजले होते, पण आवाज खणखणीत होता. “अन्ना, घरचा माणूस खाली आहे म्हणून घाई करतोस का? घाई नको. त्यांनी फोनवर काय सांगितलं माहितीये? ‘बावाला म्हणावं, मोठी टेस्ट घेऊनच मोटर पाठवा. आम्ही बसतो निवांत.’ घे टेस्ट. माझ्यासमोर घे.”

याच घडीला ओदेलूने मॅडमचं बोलणं सांगून टाकायला हवं होतं. शब्द तोंडापर्यंत आलेही. पण ते सांगणं म्हणजे, मी तीन वर्षं तुमच्या डोळ्यांदेखत हिला मारत होतो आणि वर्षभर मला ते ठाऊक होतं, असं सांगणं. सगळी माणसं त्याच्याकडे बघत होती. बहीण बघत होती.

“जोड,” तो कोमरय्याला म्हणाला.

त्याने मनात ठरवलं, कमी दाबाने घेऊ. पाच हजारावर थांबवू, मिनिट मोजू आणि पास म्हणू. तो हळूहळू दाब चढवू लागला. काटा पाच हजाराला आला. ओदेलूने हात थांबवला.

“अजून रेघेला लागला नाही!” एक म्हातारी दारातून ओरडली.

“लाल रेघेपर्यंत न्या सार,” दुसरा म्हणाला.

“अन्ना,” सारक्का म्हणाली, “रेघ पुढे आहे.”

त्यानेच शिकवलं होतं त्यांना. कॉलनीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं काटा कुठे पोचला पाहिजे. त्याने काटा पुढे नेला, सहा, सात, आणि रेघेला टेकवला.

ते मिनिट त्याने कसं काढलं ते त्याचं त्यालाच ठाऊक. अर्ध्यावर मोटरच्या पोटातून बारीक चुरचुर ऐकू आली, गरम तव्यावर पाण्याचा थेंब पडावा तशी. कोमरय्याच्या कानाला ती लागली नाही, कारण लोक पुटपुटत देवीचं नाव घेत होते. काटा किंचित थरथरला आणि पुन्हा रेघेवर स्थिर झाला. भोंगा वाजला नाही. मिनिट संपलं.

टाळ्या वाजल्या. सारक्काने मोटरला हात लावून नमस्कार केला आणि मग भावाच्या पाया पडली. ओदेलूला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

मोटर कोळशाच्या टबवर, म्हणजे रुळांवरच्या लोखंडी डब्यावर, चढवून दोराने उताराखाली सोडली. पाण्याच्या काठाशी फळ्या ठोकून तिला पंप जोडला, केबल ओढली. ओदेलूने स्विच टाकला तेव्हा डोळे मिटून घेतले होते. मोटर गुरगुरली, वेग घेतला आणि पाइपातून पाणी वर धावू लागलं. जमलेल्या माणसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. कोणीतरी ओदेलूच्या पाठीवर थाप मारली, तर तो केवढा तरी दचकला.

पाणी उतरू लागलं, पण फार सावकाश. फुटलेल्या भिंतीतून येणारं पाणी काही थांबलं नव्हतं. जेवढं येत होतं त्याहून थोडंच जास्त पंप उपसत होता. ओदेलू मोटरजवळून हलला नाही. सारखा तिच्या अंगावर हात ठेवून, नाक लावून बसला होता. खोलग्याचं छत मोकळं झालं. पाणी गळ्याइतकं झालं, मग छातीइतकं. आणि तेव्हा त्याला तो वास आला. अगदी पुसट, करपलेल्या वार्निशचा.

तो ताडकन उठून काठापाशी लावलेल्या फोनकडे गेला.

“गटय्या, वाट मोकळी झालीय. आत्ता निघा.”

“बावा, पाणी छातीभर आहे अजून. बघून आलो मी. रायमल्लूला पाठीवर घेऊन त्या घसरड्यात पाय सटकला, तर दोघंही जाऊ. तासाभरात गुडघ्यावर येईल, मग आरामात आणतो.”

“नको तासभर. आत्ता ये.”

“का हो? मोटर नीट चाललीय ना? आवाज तर झकास येतोय इथवर.”

“चाललीय.”

“मोठी टेस्ट घेतली ना?”

“घेतली.”

“लाल रेघेपर्यंत?”

ओदेलूने मागे वळून बघितलं. विद्यासागर शेजारीच उभे होते आणि मान हलवत होते. “कशाला घाबरवतोस त्यांना? जखमी माणूस आहे. पाणी उतरतंय, थोडं थांबू दे की.” त्यांचं बोलणं अगदी शहाण्या माणसाचं होतं. मोटर पास झाली होती. पास झालेल्या मोटरचा भरवसा धरायचा नाही, तर मग कशाचा धरायचा?

“हो,” ओदेलू फोनमध्ये म्हणाला. “रेघेपर्यंत घेतली.”

गटय्या हसला. “मग बावा, कशाला जीव घाबरा करून घेताय? सारक्काला सांगा, रात्री जेवायला येतो. चिंचेचं वरण कर म्हणावं, आणि तिखट घाल जरा.”

ओदेलूने फोन खाली ठेवला. अजूनही सांगता आलं असतं. त्याने दोनदा हात फोनकडे नेला आणि दोनदा मागे घेतला. कदाचित टिकेल, असं त्याने स्वतःला समजावलं. आणखी तासभर, एवढंच तर मागतोय. त्याने आयुष्यात देवीपाशी स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, आता त्या काळोखात लोखंडावर कपाळ टेकून तो मागत राहिला.

पाणी कमरेइतकं झालं आणि मोटर गेली. मोठा आवाजसुद्धा झाला नाही. फट्‌ असं वाजलं, झाकणाच्या फटीतून निळसर उजेड चमकला आणि मागून धुराचा लोट आला. पंपाची घरघर बारीक होत होत थांबली. मग फक्त फुटलेल्या भिंतीतून कोसळणाऱ्या पाण्याचा आवाज राहिला. उपसा थांबताच ते पाणी भराभर चढू लागलं.

फोन वाजला. ओदेलूने उचलला.

“बावा, पंप थांबवला वाटतं? परत टेस्ट घेताय का?” गटय्याचा आवाज शांत होता. “नीट घ्या. आमच्यासाठी घाई करू नका.”

“गटय्या, ऊठ. रायमल्लूला पाठीवर घे आणि पळ.”

“काय झालं?”

“मोटर जळाली.”

“काहीतरीच काय! टेस्ट पास झाली म्हणालात ना?”

“झाली होती.”

“मग जळेल कशी? फ्यूज गेला असेल, कोमरय्याला बघायला सांगा. तोवर आम्ही बसतो.”

“अरे, टेस्टनेच मेली ती!” ओदेलू किंचाळला. मागे उभी असलेली सगळी माणसं ऐकत होती. “टेस्ट घेऊन घेऊन मीच मारली तिला. मला माहीत होतं. मॅडमने सांगितलं होतं मला. आता दुसरी मोटर नाही, काही नाही. पाणी चढतंय, तुझ्या पाया पडतो, ऊठ!”

पलीकडून गटय्याचा आवाज आला, ओदेलूशी नाही, रायमल्लूशी बोलत होता. “ऊठ मामा. हात टाक माझ्या गळ्यात.” फोन लोंबकळत राहिला आणि त्यातून घसटत जाणाऱ्या पावलांचा आवाज येत राहिला.

ओदेलूने कमरेला दोर बांधला. कोणी अडवायच्या आत तो पाण्यात शिरला, हातात दुसरा दोर. खोलग्याशी पोचला तेव्हा पाणी गळ्याला लागलं होतं आणि छत डोक्यावर टेकत होतं. पलीकडे टोपीवरचा दिवा दिसला. गटय्याने रायमल्लूला खांद्यावर घेतलं होतं आणि तोंड वर करून तो एकेक पाऊल टाकत होता.

“दोर फेका बावा!”

त्याने फेकला. गटय्याने तो रायमल्लूच्या काखेतून बांधला आणि त्याला पुढे ढकललं. ओदेलूने ओढलं, मागून माणसांनी ओढलं. रायमल्लू बुडत, ठसकत, मोडक्या पायाने ओरडत अलीकडे आला. त्याला माणसांच्या हाती देऊन ओदेलू परत वळला, तर समोर छत आणि पाणी यांच्यामध्ये काहीच उरलं नव्हतं. दिवा पाण्याखाली होता, पिवळा, हलत असलेला. ओदेलूने श्वास धरून बुडी मारली. हाताला टेकू लागले, भिंत लागली, एकदा कापडासारखं काही लागलं आणि निसटलं. दुसऱ्यांदा बुडी मारली तेव्हा दिवा कुठे दिसला नाही. तिसऱ्यांदा माणसांनी त्याच्या कमरेचा दोर ओढून त्याला बाहेर घेतलं. तो त्यांना चावत होता, लाथा मारत होता. चौघांनी त्याला धरून ठेवलं.

रायमल्लू कोळशाच्या चिखलात पडला होता. त्याच्या दातांवर दात आपटत होते. ओदेलू रांगत त्याच्यापाशी गेला आणि काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून त्याच्या तोंडाजवळ कान नेला.

“कमरेइतकं झालं होतं ना पाणी,” रायमल्लू म्हणाला, “तेव्हाच मी म्हटलं त्याला, चल, मला ने, पायाचं काय व्हायचं ते होऊ दे. तर म्हणाला, थांब मामा, गुडघ्यावर येऊ दे. माझ्या बावाने टेस्ट घेतलीय.”